हरळीचा हंगाम

भाद्रपदात चार दिवस पाऊस उघडतो, धुतल्यासारखं स्वच्छ ऊन पडतं आणि शाळेच्या मैदानावर गवत कापायला सुरुवात होते. आमचं घर मैदानापासून दोन गल्ल्या आत, तरी वास येतोच. कोवळ्या काकडीचा असावा तसा, थोडा ताज्या ताकाचा, आणि खाली कुठेतरी ओल्या मातीचा. मी निवडत असलेली भाजी सुपात तशीच ठेवते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.

"क्या हुआ, आई?" सून विचारते. ती उज्जैनची, मराठी बोलता बोलता तिचं हिंदी कधी सुरू होतं ते तिलाही कळत नाही.

"काही नाही गं. मैदान कापताहेत."

ती हसते आणि आत जाते. सासूबाईंचं आता वय झालं, असं तिला वाटत असणार. वय झालंच आहे. पण तो वास आला की मी एकोणीस वर्षांची होते, आणि माझ्या पायांना दव लागतं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

लोक वर्षं लक्षात ठेवतात ती कुणाच्या लग्नावरून, कुणाच्या बारशावरून. माझ्या आयुष्यात एक वर्ष हरळीचं आहे. आषाढ ते कार्तिक, एवढाच काय तो हंगाम. पण मला विचाराल तर त्याआधी मी नुसती वाढले होते, आणि त्या पाच महिन्यांत मी शिकले.

माझे सासरे धार संस्थानच्या बागांवर अधिकारी होते. आम्ही सासऱ्यांना मामंजी म्हणायचो. राजवाड्यापुढची हिरवळ, पाहुण्यांच्या बंगल्याची बाग, रस्त्याकडेची झाडं, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. उंच, किडकिडीत, डोक्याला लाल पगडी, आणि अंगरख्याच्या खिशात नेहमी कसली तरी बी. माझे यजमान तेव्हा बाग नावाच्या गावी कचेरीत नोकरीला होते आणि सणावारालाच घरी यायचे. त्यामुळे घरात सासूबाई, मामंजी आणि मी अशी तीनच माणसं. मला मराठी लिहिता-वाचता येत होतं. दुपारी मामंजींना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, हे काम माझ्याकडे होतं. डोळ्यांना ताण नको म्हणून, असं ते सांगत.

ज्येष्ठातल्या एका सकाळी दरबारातून लखोटा आला. मामंजींनी तो फोडला, कागद डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि "हं, ठीक आहे" म्हणून घडी घालू लागले. मी चहा घेऊन समोर उभी होते.

"मामंजी," मी म्हटलं, "कागद उलटा आहे."

माझ्या तोंडून गेलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले, "दिवाणसाहेबांचं अक्षर आज एवढं सुधारलं कसं!"

आम्ही दोघंही हसलो. पण हसता हसता त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला, तो कपाच्या वीतभर बाजूला गेला, आणि माझं हसू थांबलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि सावली कळत होती; त्यापलीकडे सगळं धुकं.

"कोणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"नानूराम माळ्याला. आणि आता तुला. तुझ्या सासूबाईंना सांगितलेलं नाही, म्हणजे त्यांना ठाऊक असणारच." मग त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "वाच."

हुकूम असा होता, की शाळेच्या मैदानावर दिवाळीपर्यंत उत्तम हिरवळ तयार करावी. कार्तिकात देवासचा हॉकीचा संघ खेळायला येणार. आदल्या वर्षी ते आले तेव्हा मैदानात दगड आणि ढेकळं एवढी, की चेंडू जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. धारला हॉकीला जायचं तर छत्री घेऊन जावं, चेंडू वरून येतो, असं देवासकर म्हणाले होते, आणि ते दरबारात फार झोंबलं होतं.

"आजवर मी बागा केल्या, मैदान कधी केलं नाही," मामंजी म्हणाले. "आता आलं ते असं आलं. डोळ्यांचं सांगितलं तर आजच घरी बसवतील. सूनबाई, तुला गवत कळतं का?"

"कळत नाही. पण तांदूळ निवडते, तसं निवडता येईल."

"बस्स. तेवढं पुरे."

सासूबाईंचा मात्र स्वच्छ नकार होता. तरणी सून मैदानात उभी राहणार, चार गडीमाणसांत? लोक काय म्हणतील? मामंजींनी वाद घातला नाही. ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई रोज सकाळी दूर्वा आणायला जाईल. गणपतीच्या दूर्वा आणायला जाऊ नये असं कुठल्या शास्त्रात आहे?" सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कोनाड्यातली दूर्वांची परडी काढून माझ्या हातात दिली. म्हणजे त्यांना खरंच सगळं ठाऊक होतं.

आणि ते खोटंही नव्हतं. देवाला वाहिली की दूर्वा, शेतात उगवली की हरळी, साहेबाच्या बंगल्यापुढे पसरली की लॉन; गवत एकच, असं मामंजी सांगायचे. त्यांच्याकडे हिरवळीवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्याची पानं त्यांना पाठ होती, पण ते हसून म्हणत, "हे ज्यानं लिहिलं त्यानं वैशाख पाहिलेला नाही." इंग्रजी गवताचं बी आमच्या काळ्या मातीत टिकणारं नव्हतं. टिकणार ती हरळीच. बैलांनी तुडवली, गाईंनी चरली, कुदळीनं खणली तरी वर येणारी.

आधी महिनाभर नुसती जमीन केली. दगड वेचले, हातभर खोल खणलं, ढेकळं फोडली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून तिच्यात नदीची वाळू चाळून मिसळली. मग उतार. "पाण्याला कळेल इतका उतार हवा," मामंजी म्हणाले, "डोळ्याला कळता कामा नये." थोडं थांबून म्हणाले, "ते दुसरं मला सोपं आहे." मी तांब्यानं पाणी ओतायची आणि ते कुठे वळतं, कुठे थबकतं ते सांगायची. "उजवीकडे चाललंय, मामंजी. आता थांबलं." जिथे थांबलं तिथे नानूराम घमेलंभर माती टाकायचा. तो माळ्यांचा मुकादम. पांढऱ्या मिशांचा, मामंजींच्याच वयाचा, आणि मामंजींच्या चुका स्वतःच्या नावावर घेऊन चैत्रापासून त्यांना सांभाळून नेणारा.

हरळी आणायला आम्ही जवळच्या तिरला गावी गेलो. पुढे दमणीत मामंजी आणि मी, मागे नानूरामची बैलगाडी. आषाढाची भुरभुर होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कोंबारली होती आणि पळसाच्या पानांवरून पाणी निथळत होतं. ज्याच्या बांधावर आम्ही थांबलो तो शेतकरी आधी घाबरला. दरबारची माणसं, पगडी, गाडी. काय मागायला आले असतील? मामंजींनी माळवीत त्याच्या बांधावरची हरळी मागितली, "भाई, थारी मेड़ की दोब चइए."

त्यानं दोनदा विचारलं. "दोब? खाली दोब?"

"खाली दोब."

तो खांद्यावरचं फडकं तोंडाला लावून असा हसला, की शेजारच्या शेतातली माणसं निंदणी सोडून पाहायला आली. "लई जाव, रावसाब! आखी मेड़ लई जाव! म्हारा बाप ने जिनगी भर खोदी, म्हने खोदी, पण या मरे नी. थाँ लई जाव तो भगवान थाँको भलो करे!" त्याच्या बायकोला आम्हाला कणसं भाजून द्यायची फार इच्छा होती, पण कणसं अजून लागायची होती, मग तिनं गूळ आणि पाणी दिलं. आयुष्यभराचा वैरी कोणीतरी गाडीत घालून, वर उपकार मानून नेतंय, याचा आनंद त्या घरानं सणासारखा साजरा केला.

घरी आणलेली हरळी अंगणात पसरून मामंजींनी मला पहिला धडा दिला. एक लांब दांडा बोटांत घेतला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. "हे पेर. इथून खाली मूळ, वर पान. तुकड्याला तीन पेरं ठेवायची. एक मेलं तरी दोन उरतात." मग तुकडे, शेण, माती आणि पाणी एकत्र कालवलं. मी म्हटलं, "मामंजी, हे तर सारवण झालं!"

ते थबकले. "सारवणच. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही बघ. तुला सारवता येतं?"

"येतं म्हणजे काय!"

"मग त्या बायांना तू दाखव."

आणि मी दाखवलं. कासोटा आवळून, पदर खोचून, भुरभुर पावसात, पंचवीस मजूरबायांच्या पुढे उभी राहून मी मैदान सारवलं. हात कसा फिरवायचा, थर कुठे जाड, कुठे पातळ. त्या भिलणी आणि माळणी माझ्याकडे पाहून आधी तोंड लपवून हसल्या, मग उघड हसल्या, आणि मग त्यांचं गाणं सुरू झालं. त्या गाण्याचा अर्थ मला अर्धाच कळला. कळला तेवढा सासूबाईंना सांगण्यासारखा नव्हता.

आठ दिवस काहीच दिसलं नाही. नुसता चिखल. रोज सकाळी मामंजी विचारत, "आलं?" आणि मी म्हणे, "नाही." नवव्या दिवशी मी वाकून पाहिलं तर चिखलातून सुईच्या टोकाएवढं हिरवं. एक नाही, जिथे पाहावं तिथे. मी एवढ्या जोरात ओरडले, की नानूराम फावडं टाकून धावत आला. त्याला वाटलं साप निघाला. मामंजी तिथेच खाली बसले आणि दोन्ही तळहात त्या कोंबांवर हलकेच ठेवून राहिले, लहान मुलाच्या टाळूवर ठेवावेत तसे.

त्यानंतरचे दिवस आठवले की वाटतं, आपल्याला एवढा आनंद झेपला कसा? लव्हाळा उपटायचा तो गाठीसकट, गाठ राहिली तर एकाचे चार होतात. गवत वाढलं की तिसरा हिस्सा कापायचा, दोन हिस्से ठेवायचे. हाव धरून बुडापर्यंत कापलं तर ते उन्हात करपतं. पाऊस ओढला तर पाणी थोडं थोडं रोज द्यायचं नाही. एकदाच पोटभर द्यायचं आणि मग तहान लागू द्यायची. "तहान लागली की मूळ खाली जातं," मामंजी सांगत. "रोज कपभर पाजलं तर ते वरच बसून वाट पाहतं. लाडावलेल्या जावयासारखं."

पायातल्या वहाणा काढायला त्यांनीच शिकवलं. अनवाणी चालायचं, सावकाश. कुठे टोचतं, कुठे दबतं, कुठे गार लागतं, कुठे कोमट. आम्ही दोघं सकाळच्या उन्हात मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. ते पुढे, मी दोन पावलं मागे. ते पायानं पाहत, मी डोळ्यांनी. मी रंग सांगायची. ते ओल सांगायचे. दोघांचं जुळलं की नानूराम खुंटी ठोकायचा.

आणि बैलांचे जोडे! दगडी रूळ ओढायला बैल हवेत, पण त्यांचे खूर कोवळ्या गवतात रुतणार. म्हणून मामंजींनी चांभाराला बोलावून दोन्ही बैलांसाठी चामड्याचे जोडे करवले. चांभारानं माप घेताना विचारलं, "रावसाब, आठ बनाऊँ के चार जोड़ी?" आणि यावर नानूरामचं आणि त्याचं खरोखरीचं भांडण झालं. पहिल्यांदा जोडे चढवले तेव्हा धोंड्या नावाचा बैल एकेक पाय उचलून असा टाकत होता, की जणू नव्या नवरीला पहिल्यांदा पैंजण घातलेत. अर्धं गाव पाहायला आलं. सासूबाईंनीही आमच्या गच्चीवरून पाहिलं. तसं त्या कबूल करायच्या नाहीत, पण संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या मधेच एकट्या हसल्या.

शेजारच्या काकूंनी एकदा मला वाटेत गाठलं. माझ्या हातात परडी, परडीत एकवीस दूर्वा, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "रोज दोन प्रहर लागतात दूर्वांना? किती गणपती आहेत गं तुमच्या घरी?"

"एकच आहे," मी म्हटलं, "पण फार मोठा आहे."

सगळं असंच गेलं असतं तर ते मी एवढं मनात धरून ठेवलं नसतं.

आश्विन लागला. सामन्याला महिनाभर होता. एका सकाळी मला गोलाच्या बरोबर समोर, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत हिरव्याला पिवळी झाक दिसली. मी बोलले नाही. उन्हानं असेल, तहान लागली असेल, आपण गुपचूप बरं करू, असं मनात आलं. मामंजी दुसरीकडे असताना मी तिथे घागर रिती केली. दुसऱ्या दिवशी दोन घागरी. त्यांनी विचारलं, "गोलापुढे कसं आहे?" मी म्हटलं, "हिरवं." तिसऱ्या दिवशीही "हिरवं". का म्हटलं? मला तोवर कुणी कुठल्या कामात शाबासकी दिली नव्हती. गेल्या चार महिन्यांत ती रोज मिळत होती, आणि ती जाईल या भीतीनं मी खोटं बोलले.

पाचव्या दिवशी मामंजी चालता चालता तिथे थांबले. पाय उचलला, पुन्हा ठेवला.

"सूनबाई, इथला रंग काय?"

"पिवळा."

"कधीपासून?"

"चार दिवस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "माझे डोळे गेले, हे मी साऱ्या धारपासून लपवलं. तुझ्यापासून नाही लपवलं. मग आता मी पाहायचं तरी कशानं?"

मी रडले. तिथेच, त्या पिवळ्या गवतावर उभी राहून. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग माझा हात धरून खाली बसवला आणि माझा तळवा जमिनीला टेकवला. "काय लागतं?"

"गार."

"बाजूला लाव."

"इथे कोमट आहे."

"गवत तहानलं तरी पिवळं होतं आणि बुडालं तरी पिवळं होतं. डोळ्याला दोन्ही एकच. तू बुडणाऱ्याला पाणी पाजत होतीस, बाळ." एवढंच बोलले, आणि त्यांनी नानूरामला हाक मारली. "पहार आण."

हातभर खाली पहार खणकन वाजली. चुन्याची लादी! पूर्वी कधीतरी बांधकामाला चुना मळला असेल, तो तिथेच घट्ट बसून दगड झालेला. पाणी खाली जायला वाटच नव्हती. आमच्या खणण्यातून ती जागा बोटभरानं निसटली होती. दोन दिवस घण घालून ती फोडली, वाळू-माती भरली, आणि आता गवत लावून वाढवायला वेळ नव्हता. तयार हिरवळच उचलून आणायला हवी होती.

पुन्हा तिरला. तोच बांध, जिथे वर्षानुवर्षं गुरं चरून हरळी सतरंजीसारखी घट्ट झाली होती. शेतकऱ्यानं हात जोडले. "फेर आया? अबी कसर रई गी कई?" त्यानं स्वतः फावडं घेतलं आणि आमच्याबरोबर मुळांसकट चौकोन कापले, सांज्याच्या वड्या पाडाव्यात तसे. ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही ते धारला आणले तर मैदानावर माणूस नाही. मजूरबाया सोयाबीन... छे, तेव्हा कुठलं सोयाबीन! ज्वारीच्या कामाला आणि दसऱ्याला आपापल्या गावी गेल्या होत्या. नानूराम, मी आणि दिसत नसलेले मामंजी. ऊन चढत होतं आणि मुळं सुकत होती.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला दमणी थांबली आणि तिच्यातून सासूबाई उतरल्या. जरीकाठी लुगडं, हातात डबा. जेवण घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, डबा गाडीत ठेवला, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "काय करायचं ते सांग."

मी त्यांना सांगितलं! आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंना काम सांगितलं. चौकोन विटांसारखे लावायचे, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि फटींत चाळलेली माती भरायची. त्या माती भरत होत्या ती करंजीची कड मुरडावी तशी, बोटाबोटानं, एक फट न सोडता. मधेच मामंजींचा पाय त्यांच्या हाताशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, "जरा सरका. दिसत नाही ते ठाऊक आहे मला, पण ऐकू तर येतं ना?" मामंजी मुकाट्यानं सरकले. नानूरामनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना मी पाहिले.

कार्तिकातली ती दुपार. मैदानाभोवती दोऱ्या, झेंडे, खुर्च्या, मुलांची रेटारेटी. सासूबाई आणि मी एका बाजूला पडदा सोडलेल्या गाडीत. फटीतून मला सगळं दिसत होतं. समोर दिवाणसाहेबांच्या शेजारी मामंजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते, खेळाकडे न पाहता, कान पुढे करून. देवासची पोरं चपळ होती. चेंडू इकडून तिकडे जात होता आणि कुठेही उडत नव्हता. सरळ, सपाट, गवताला चाटून. त्याचा आवाज रेशमी वस्त्र ओढल्यासारखा येत होता.

एक एक अशी बरोबरी होती. शेवटी देवासच्या एका खेळाडूनं लांबून चेंडू मारला. तो नेमका आमच्या डागाच्या दिशेनं आला. आता उसळणार, आता कुठल्या तरी सांध्यात अडकणार. चेंडू चौकोनांवरून असा गेला की जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं, आणि थेट गोलात शिरला. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. "गेला! सरळ गेला!"

सासूबाईंनी मला चिमटा काढला. "अगं वेडे, गोल आपल्यावर झाला!"

धार हरली. पण समोर मामंजींचा चेहरा फुलला होता. पुढचं बोलणं मला नानूरामनं नंतर सांगितलं, आणि तो ते मरेपर्यंत सांगत राहिला. दिवाणसाहेब म्हणाले, "रावसाहेब, आपण हरलो आणि तुम्ही हसता?" मामंजी उठून उभे राहिले. "साहेब, चेंडू ऐकलात? मी नुसता ऐकला. चैत्रापासून मला दिसत नाही. हे मी लपवलं, त्याची शिक्षा द्याल ती घेईन."

"मग हे मैदान कोणी केलं?"

मामंजींनी काठी उचलून आमच्या गाडीकडे केली. आवाजावरून दिशा धरली असेल, माझ्या टाळ्या सगळ्या मैदानानं ऐकल्या होत्या. "माझ्या सूनबाईनं."

सगळी माणसं मान वळवून आमच्या पडद्याकडे पाहू लागली. मी आत अंग चोरलं. सासूबाईंनी मात्र पडदा चांगला हातभर बाजूला केला आणि ताठ बसून राहिल्या.

शिक्षा झाली नाही. मामंजी पुढच्या चैत्रात मानानं निवृत्त झाले, बागा नानूरामकडे आल्या, आणि देवासच्या संघाबरोबर आलेल्या मास्तरांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण आषाढात देवासहून निरोप आला. तिथल्या एका वाड्यातल्या बायकांना पडद्याच्या आत बॅडमिंटन खेळायला हिरवळ हवी होती. पुरुष माळी आत चालणार नव्हता. धारच्या सूनबाईंनी यावं.

मामंजींसह मी गेले. इंदूरवरून, मोठ्या सडकेनं, दोन दिवसांचा प्रवास. देवासची देवीची टेकडी दिसली तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी तिच्या दिशेनं हात जोडले. देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. मामंजी म्हणाले, "कडेनं विटा लाव. हरळी सरहद्द ओलांडून गेली तर तंटा होईल."

मी तिथे तीन महिने होते. या वेळी पेरं मी मोजली, उतार मी धरला, आणि रंगही मीच सांगितला, जसा असेल तसा. वाड्यातल्या दासींना सारवायला मी शिकवलं. मामंजी कनातीपलीकडे खुर्ची टाकून बसत आणि मधून मधून ओरडून विचारत. बहुतेक वेळा मी ते आधीच केलेलं असायचं.

हिरवळ तयार झाली त्या सकाळी वाड्यातल्या धाकट्या वहिनीसाहेबांनी माझ्या हातात बॅट दिली. मी नको नको म्हणत होते. मी जन्मात काही खेळले नव्हते. लहानपणी सागरगोटे, बस्स. त्यांनी ऐकलं नाही. पिसांचं फूल हवेत उंच गेलं, मी वर पाहत मागे धावले, आणखी मागे, लुगड्यात पाय अडकला आणि मी सपशेल आडवी झाले. वहिनीसाहेब, दासी, सगळ्याजणी हसत सुटल्या. मीही उठेना. गालाखाली गार, दाट, लवलवती हरळी होती, आणि वर देवासचं निळं आभाळ.

कनातीपलीकडून मामंजींचा घाबरा आवाज आला, "कोण पडलं? सूनबाई, तू का?"

"हो, मीच!"

"लागलं का?"

"नाही, मामंजी," पडल्या पडल्याच मी ओरडून सांगितलं, "पण हरळी काय सुरेख लागली आहे!"

पलीकडे ते हसू लागले, एवढ्या मोठ्यानं, की कनातीच्या अलीकडे आमचं हसणं त्यापुढे ऐकूच येईना.